सरकार माणसाला सन्मान देऊ शकतं का? आणि दिला तर परत काढून घेऊ शकतं का?

सोलापूरचा_विद्यार्थी

नमस्कार मंडळी, प्रश्न मोठा आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतोय. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ३१ ऑगस्टला आमच्याकडे विमुक्त दिनाचा कार्यक्रम होता. एक पाहुणे भाषणात म्हणाले की १९५२ साली आजच्या दिवशी सरकारने आपल्याला माणूस म्हणून सन्मान दिला. टाळ्या पडल्या. मग एक म्हातारे बाबा उठले, त्यांचं लहानपण सेटलमेंटमध्ये गेलेलं, आणि सरळ म्हणाले की सरकारनं आम्हाला काही दिलं नाही, आम्ही माणसंच होतो, सरकारनं फक्त तार काढली. सभागृह एकदम शांत. नंतर कोणी त्यावर बोललंच नाही, सत्कार सुरू झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. म्हणजे एखाद्याने चोरी केली म्हणून तो गुन्हेगार असं नाही, जमातच्या जमात जन्मापासून गुन्हेगार. आधी उत्तरेत होता, १९११ च्या कायद्याने आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला, १९२४ ला सगळं एकत्र करून परत पक्का केला. नाव रजिस्टरला, बोटांचे ठसे, रोजची हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायचीसुद्धा तरतूद होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून त्या जमाती 'विमुक्त' आणि तो दिवस विमुक्त दिन. सोलापुरात तारेच्या कुंपणाआत सेटलमेंट, तिथून माणसं गिरणीत कामाला जायची आणि परत कुंपणात. आजही आमच्याकडे पत्ता सांगताना लोक 'सेटलमेंट फ्री कॉलनी' म्हणतात, आणि ते 'फ्री' कशावरून आलं हे नवीन पोरांना माहीतही नसतं.

तर माझी अडचण अशी. सन्मान माणसाच्या जन्मासोबत येतो, सरकार तो काढूच शकत नाही असं म्हटलं, तर मग १८७१ ते १९५२ या ८१ वर्षांत या लोकांचं नेमकं काय हिसकावलं गेलं? आणि सरकार काढून घेऊ शकतं असं म्हटलं तर तो सरकारच्याच हातात आला, उद्या दुसरं कुठलं सरकार येऊन परत घेईल, मग बाबांचं म्हणणं चूक ठरतं. मला बाबा चूक वाटत नाहीत. पण कायद्याच्या भाषेत मांडायला गेलो की अडकतो. जाणकारांनी बोला.

---

वकील_सातारा

चांगला प्रश्न आहे. कायद्यात याचं उत्तर आहे आणि ते फार मोठी किंमत देऊन आलेलं आहे.

आणीबाणीत हजारो लोक बिनचौकशी आत होते. ते कोर्टात गेले, आणि २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने एडीएम जबलपूर केसमध्ये चार विरुद्ध एक असा निकाल दिला की राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ साठी, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टाची दारं बंद केलीत, त्यामुळे अटक बेकायदा आहे का हे विचारायलाही कोणी येऊ शकत नाही. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारी बाजूच्या नीरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक दुश्मनीतून माणूस मारला तरी इलाज नाही का? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही. विचार करा, भर कोर्टात हे बोललं गेलं.

तो एक विरोधी निकाल खन्नांचा. त्यांचं म्हणणं असं की जगण्याचा हक्क ही संविधानाने वाटलेली खिरापत नाही, संविधान नव्हतं तेव्हाही कायद्याशिवाय कोणाचा जीव घ्यायची मुभा राजाला नव्हती. पुढे १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतात यशवंत चंद्रचूड होते, आपले पुण्याकडचे, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी केसमध्ये जबलपूरचा निकाल चूक ठरवून रद्द केला तेव्हा मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड, म्हणजे मुलाने बापाचा निकाल पुसला. त्यात साफ लिहिलंय की जीवन आणि स्वातंत्र्य हे माणसाचे अंगभूत हक्क आहेत, संविधानाने ते निर्माण केलेले नाहीत, संविधानाने ते ओळखले.

त्यामुळे तुमचे बाबा बरोबर आहेत आणि पाहुणे चूक. सन्मान सरकारने दिलेला नाही म्हणून सरकारला काढताही येत नाही. विषय संपला.

---

नगरची_मास्तरीण

विषय संपला नाही वकीलसाहेब, राग मानू नका.

मी कैकाडी समाजातली. माझे पणजोबा त्याच सोलापूरच्या कुंपणात होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 'सन्मान कोणी काढूच शकत नाही' हे वाक्य मी आयुष्यभर सभ्य लोकांच्या तोंडून ऐकत आले आणि दर वेळी मला ते अर्धंच वाटतं. बोलणाऱ्याने कधी चौकीत जाऊन अंगठा देऊन, मग घरी येऊन पोरांना जेवू घातलेलं नसतं. आमच्या घरात म्हाताऱ्या बायका अजून खाकी कपडा दिसला की बोलता बोलता थांबतात. पोस्टमन असला तरी. कायदा गेल्यानंतर जन्मलेल्या बायका आहेत या. मग सांगा त्यांचं काहीच काढून घेतलं गेलं नाही?

आणि यात दुसरा धोका आहे. काहीच हिसकावलं नाही म्हटलं की कोणी कोणाचं काही देणं लागत नाही. ८१ वर्षं माणसं कुंपणात ठेवली, पण आतला सन्मान शाबूत होता ना, मग झालं तर. भरपाई कशाची? हे मला मान्य नाही.

कायदा गेला म्हणून काय बदललं तेही सांगते. १९५२ ला यादीतून नावं काढली आणि १९५९ ला इकडे मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला. कागदावर तो जमातीबद्दल बोलत नाही, व्यक्तीबद्दल बोलतो. पण गावात चोरी झाली की पोलीस आधी कुठे येतात हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. शाळेत कोणाचे पैसे हरवले की कोणाचं दप्तर आधी उघडतात हेसुद्धा. मी शिक्षिका आहे, मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि दप्तर उघडणाऱ्या हाताला धरलंय.

भावाच्या जातीच्या दाखल्याचं सांगते. आमच्यासाठी नियम असा की २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा द्या. आता ज्या लोकांना कोणी गावात टिकू दिलं नाही, गाढवावर बिऱ्हाड टाकून टोपल्या विणत फिरले, त्यांच्याकडे साठच्या आधीचा सातबारा कुठून येणार, शाळेचा दाखला कुठून येणार, माझ्या आजोबांनी शाळेची पायरी बघितली नव्हती. ऑफिसात एका साहेबांनी भावाला सांगितलं की पोलिसांच्या जुन्या हजेरीच्या रजिस्टरला नाव असेल तर बघा, तो सरकारी कागद आहे, चालून जाईल. भाऊ घरी येऊन दोन दिवस बोलला नाही. ज्या रजिस्टराने पणजोबाला चोर म्हटलं तेच रजिस्टर शोधत फिरायचं, का तर आपण आहोत हे सरकारला पटावं.

म्हणून मी म्हणते बाबांचं वाक्य खरंच आहे, पण ते बोलायचा अधिकार बाबांचा आहे. ते जेव्हा म्हणतात आम्ही माणसंच होतो, तेव्हा ते ताठ मानेनं बोलतात. तेच वाक्य सरकारने किंवा कोर्टाने आमच्याबद्दल म्हटलं की ती पळवाट होते.

---

रोखठोक_पुणेकर

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं आपण भावनेत वाहतोय. अंगभूत सन्मान वगैरे बोलायला ठीक, पण व्यवहारात सरकार ज्याची अंमलबजावणी करतं तोच हक्क. कागद नाही तर शाळा नाही, रेशन नाही, बँक नाही. म्हणजे प्रत्यक्षात सरकारच देतं आणि सरकारच काढतं, हे मान्य करून सरकार चांगलं कसं होईल ते बघावं. बाकी तत्त्वज्ञान झालं.

---

रायगडवाला

@रोखठोक_पुणेकर तुमच्या म्हणण्याला सगळ्यात मोठं उत्तर आमच्या महाडला आहे. वीस मार्च म्हटलं की सगळ्यांना आठवतं पण त्याच्या आधीची साडेतीन वर्षं कोणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे तुमच्या हिशोबाने सरकारने 'दिलं'. कौन्सिलने दिलं, पालिकेने दिलं, शिक्का बसला. तळ्यावर कोण गेलं? कोणीही नाही. सवर्णांची जनावरं पाणी पीत होती आणि माणूस लांबून बघत होता. ठराव कपाटात.

मग १९२७ च्या मार्चात परिषद भरली, हजारो लोक जमले, २० तारखेला बाबासाहेब पुढे आणि सगळे मागे असे चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मला नेहमी वाटतं की तो ठराव त्या क्षणी पहिल्यांदा लागू झाला. आणि पुढे काय झालं बघा. लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या चालवल्या. तळ्यात १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून शुद्धी केली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, त्याच पालिकेने आपला ठराव मागे घेतला!! म्हणजे सरकारने दिलं होतं ते सरकारने काढलंसुद्धा. डिसेंबरात परत सत्याग्रहाला लोक आले तर कोर्टाचा मनाई हुकूम. केस चालत राहिली ती १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने निकाल देईपर्यंत, दहा वर्षं.

आता मला सांगा, ऑगस्ट १९२७ ला पालिकेने ठराव फिरवला तेव्हा मार्चमध्ये पाणी प्यालेली माणसं परत पूर्वीसारखी झाली का? नाही झाली. कोकणातल्या गावागावांत लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्यासाठी बहिष्कार सोसला, मार खाल्ला. डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलंच की ते पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, इतके दिवस प्यायलो नाही म्हणून मेलोही नाही, आपण तिथे जायचं ते इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे दाखवायला. माझी आजी तो काळ सांगायची तेव्हा कौन्सिलचं नाव कधी घ्यायची नाही, कोण कोण चाललं त्यांची नावं घ्यायची.

पण मास्तरीणबाईंचं म्हणणंही मला पटतं. ती दहा वर्षं कोर्टात लढलेच ना लोक. सरकारकडून काहीच घ्यायचं नसतं तर केस कशाला लढवली असती? तेव्हा सरकारला सोडून द्यायचं नाही हेही महाडनेच शिकवलंय.

---

कोल्हापुरी_माणूस

मध्येच बोलतो. सरकार काहीच देऊ शकत नाही म्हणता, मग आमच्या शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात या जमातींची हजेरी बंद केली ते काय? इंग्रजांचा कायदा शेजारी जोरात चालू होता तेव्हा. फासेपारध्यांना जवळ केलं, कामं दिली, राहायला जागा दिली. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे चहा प्यायला जायचे, म्हणजे सोबतच्या सरदारांनाही प्यावा लागायचा. राजा हे करतो तेव्हा समाजाची नजर बदलते. हे देणं नाही तर काय आहे?

---

नगरची_मास्तरीण

@कोल्हापुरी_माणूस दादा, महाराजांबद्दल आमच्या घरात काय भावना आहे हे मी लिहून सांगू शकत नाही. पण बघा, त्यांनी काय केलं? चोर म्हणून मोजणं बंद केलं आणि ज्या हाताला काम नव्हतं त्याला काम दिलं. तो सरकारचा धर्मच आहे, आणि त्यांच्या काळात तो पाळणारे फार थोडे होते म्हणून ते मोठे. मला भांडण आहे ते 'आम्ही तुम्हाला माणूस केलं' या भाषेशी. ज्याने माझी उधारी चाळीस वर्षं बुडवली त्याने शेवटी पैसे परत केले तर मी त्याला दानशूर म्हणणार नाही. व्याज विचारेन.

आणि @रोखठोक_पुणेकर तुमच्या बोलण्यात खोच आहे असं मी मानत नाही, कागदाशिवाय हाल होतात हे मीच वर लिहिलंय. पण कागद देणारा तोच मालक असं मानलं की माणूस ऑफिसात हात जोडून उभा राहतो. माझा भाऊ तसा उभा राहिला होता. आपलं येणं मागायला आलोय असं मानलं की आवाज बदलतो, दोन प्रश्न उलटे विचारता येतात. दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर मी गेले तेव्हा मी विचारलं की नियम कुठला ते लेखी द्या. खुर्ची मिळाली बसायला.

---

श्टुटगार्टकर

मी जर्मनीत राहतो, इथलं एक उदाहरण या चर्चेत अगदी बसतं म्हणून लिहितोय. नाझी सरकारने १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे कायदे करून ज्यूंचं नागरिकत्व काढलं, कायद्यानेच, रीतसर. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या अनुभवानंतर १९४९ ला जे संविधान आलं त्याचं पहिलंच कलम असं की मानवी प्रतिष्ठेला धक्का लावता येणार नाही, आणि तिचा आदर आणि रक्षण करणं हे सगळ्या सरकारी यंत्रणेचं कर्तव्य. बहुमत कितीही असो, त्या कलमातलं तत्त्व संसदेला बदलता येत नाही अशी वेगळी तरतूद आहे.

आता विद्यार्थ्याची जी अडचण आहे ती इथे कशी सोडवली बघा. पहिला अर्धा भाग म्हणतो कोणी हात लावू शकत नाही. लगेच दुसरा अर्धा म्हणतो म्हणून सरकारने राबायचं. आणि हे नुसतं शोभेला नाही. आश्रय मागायला आलेल्या लोकांना इथे जो भत्ता मिळायचा तो १९९३ पासून वाढवलाच नव्हता, कारण जास्त दिलं तर आणखी लोक येतील अशी राजकारण्यांची भीती. २०१२ मध्ये इथल्या घटना कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, मानवी प्रतिष्ठा स्थलांतराच्या धोरणाच्या हिशोबाने कमी करता येत नाही, आणि रक्कम वाढवायला लावली. म्हणजे देशाचा नागरिकही नसलेल्या माणसाला, त्याची प्रतिष्ठा अंगभूत आहे याच कारणावरून, रोख पैसे मिळाले. 'अंगभूत आहे म्हणून सरकारची जबाबदारी नाही' असा अर्थ कोणी काढत असेल तर तो उलटा आहे. मी स्वतः इथे परका आहे, परदेशी लोकांच्या ऑफिसात रांगेत उभा राहिलोय, त्यामुळे हा निकाल वाचला तेव्हा फार आत लागला.

जाता जाता, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघेल असं वाक्य होतं ते 'सगळी माणसं' असं करायला लावणाऱ्या आपल्या हंसा मेहता होत्या. मुंबईत स्त्रियांचं काम केलेली बाई. हे शाळेत शिकवायला पाहिजे.

---

वकील_सातारा

मास्तरीणबाई, तुमचा मुद्दा मी मनापासून घेतला. २०२४ चा एक निकाल सगळ्यांनी वाचावा म्हणून सांगतो, ३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर दिलेला. त्या पत्रकार आहेत, जेलमध्ये जातीनुसार कामं वाटतात हे त्यांनी शोधून लिहिलं होतं. म्हणजे संडास साफ करायचं काम ठरावीक जातीलाच, स्वयंपाक ठरावीक जातीला, आणि राज्याराज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये ते चक्क छापलेलं. विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत गुन्हेगार धरायची कलमंही तिथे होती. १९५२ नंतर ७२ वर्षांनी! कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्तांना उगाच उचलायचं नाही हेही पोलिसांना बजावलं. कैदी म्हणजे ज्याचं स्वातंत्र्य सरकारने कायदेशीरपणे काढून घेतलेलं असतं. त्याचाही सन्मान सरकारच्या ताब्यात जात नाही असं कोर्ट सांगतंय, आणि त्याच वेळी सरकारने तो पायदळी तुडवला होता हेही सांगतंय. दोन्ही एकाच कागदावर.

---

सोलापूरचा_विद्यार्थी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मास्तरीणबाईंचं वाचल्यावर मी प्रश्नच वेगळा मांडायला पाहिजे असं वाटतंय. सरकारकडे सन्मान आहे का नाही हे सोडून, सरकारकडे या लोकांचं काय काय अडकलेलं आहे याची यादी करायची. जमीन, घराची जागा, दाखले, पोलीस रेकॉर्डमधली नावं. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ ला अहवाल दिला, इदाते आयोगाने नंतर दिला, त्यातल्या शिफारशी घेऊन आमच्या शहरापुरतं तरी काय झालं काय नाही ते तपासायचं ठरवतोय. कॉलेजमधले तीन-चार जण तयार आहेत. बाबांनाही भेटायला जाणार आहे, त्यांना कुंपणाच्या आतल्या शाळेचं, गिरणीच्या पाळीचं बरंच आठवतं म्हणे.

मास्तरीणबाई, भावाच्या दाखल्याचं पुढे काय झालं?

---

नगरची_मास्तरीण

दाखला मिळाला. स्थानिक चौकशी झाली, आमच्या वस्तीवर येऊन जुन्या माणसांचे जबाब घेतले. हजेरीचं रजिस्टर आम्ही शोधलं नाही, भावाने ठाम नकार दिला. व्हॅलिडिटीची, म्हणजे दाखला खरा आहे का याच्या पडताळणीची, केस अजून समितीपुढे पडून आहे. वकीलसाहेब, त्यासाठी आजोबांच्या वेळच्या गिरणीच्या पगाराच्या चिठ्ठ्या चालतील का? आईच्या पेटीत सापडल्यात, त्यावर नाव आणि साल दोन्ही आहे.

---

वकील_सातारा

१९६१ च्या आधीच्या असतील तर राहण्याचा पुरावा म्हणून नक्की जोडा. जात लिहिलेली नसेल, त्यासाठी वेगळा कागद लागेल, चुलत घराण्यात कोणाला आधी व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर ते सर्टिफिकेट आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लावा. मूळ चिठ्ठ्या कोणाच्याही हातात देऊ नका, साक्षांकित प्रती द्या आणि पोच घ्या. मला मेसेज करा, अर्ज मी बघून देतो.